पेट्रोल वाचवायचं की सिलिंडर? विमानाच्या पिस्टन इंजिनात मिश्रण लीन करण्याचा वाद

निळावंती
नमस्कार मंडळी. डेन्व्हरजवळच्या सेंटेनियल विमानतळावर आम्ही चौघं मिळून एक जुनं बोनान्झा ए-३६ उडवतो. चौघांत मी सर्वांत नवी, गेल्या दिवाळीत हिस्सा घेतला. इंजिन कॉन्टिनेंटल आयओ-५५०, सहा सिलिंडर, ३०० अश्वशक्ती. विमान गुणी आहे, भागीदार प्रेमळ आहेत, पण एका लाल नॉबवरून आमची दोन घरं झाली आहेत.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी: गाडीत हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते संगणक ठरवतो. आमच्या विमानात ते वैमानिकाच्या हातात असतं. काळा नॉब थ्रॉटलचा, निळा प्रॉपचा (पंख्याचा), लाल मिक्स्चरचा. वर जावं तशी हवा विरळ होते, म्हणून पेट्रोलही कमी करावं लागतं. हे लीन करणं. लीन करत गेलं की एक्झॉस्टचं तापमान, म्हणजे ईजीटी, चढत चढत शिखराला पोचतं आणि पुढे उतरायला लागतं. शिखराच्या अलीकडे, जास्त पेट्रोलच्या बाजूला थांबायचं, की शिखर ओलांडून पलीकडे उतरायचं, यावरून भांडण.

आमचे ज्येष्ठ भागीदार ४० वर्षं उडवत आहेत. ते शिखराच्या १०० अंश फॅरनहाइट अलीकडे राहतात, तासाला साडेपंधरा गॅलन. त्यांचं ठाम मत, पेट्रोल सिलिंडरपेक्षा स्वस्त. दुसरे भागीदार ओक्लाहोमातल्या एडा गावी जाऊन याचा रीतसर वर्ग करून आलेत. ते पलीकडे उतरतात, साडेबारा गॅलन, वेग सात-आठ नॉट कमी. पण पलीकडे गेलं की आमचं इंजिन थरथरतं, आणि ज्येष्ठांना तो पुरावा वाटतो. दोघांनाही वाटतं की दुसऱ्याच्या हाताने इंजिन मरणार.

पुढच्या महिन्यात बैठक आहे. मला मत द्यायचंय, आणि ते समजून द्यायचंय. तुमचा अनुभव सांगा.

तेलकट_हात
ताई, मी एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंता आहे. २२ वर्षं, सगळी महाराष्ट्रातल्या प्रशिक्षण विमानांवर, म्हणजे सेसना १५२ आणि १७२. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: पुस्तकात लिहिलंय तेवढंच लीन करा, त्यापुढे जाऊ नका. जळालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मी हातात घेऊन पाहिलाय, कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा नाहीसा झालेला. चार सिलिंडरांना मिळून ईजीटीचा एक काटा असतो, कित्येक विमानांत तोही नसतो. एका काट्यावर चौघांची हमी कशी घ्यायची?

रातराणी
मी विमानात फक्त खिडकीशेजारी बसते, पण धागा सोडवत नाहीये. पेट्रोल कमी केल्यावर तापमान वाढतं हेच मला उलटं वाटतंय. आणि मग पुन्हा उतरतं का?

वामनमूर्ती
रातराणी, गॅसची शेगडी आठवा. हवेचं भोक तुंबलं की ज्योत पिवळी होते, भांड्यांची बुडं काळी होतात. गॅस भरपूर, पण सगळा जळत नाही. भोक साफ केलं की ज्योत निळी, तीच भाजी लवकर शिजते. हवा त्याहूनही वाढवली तर ज्योत बर्नरवरून उचलली जाते, भुकभुक करते. इंजिनातही तसंच. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १५ भाग हवा असेल तर दोन्ही एकमेकांना पुरतात, ईजीटीचं शिखर तिथेच आसपास. त्याच्या अलीकडे पेट्रोल उरतं, पलीकडे हवा उरते. उरलेलं काहीही असो, ते उष्णता खातं, म्हणून दोन्हीकडे तापमान उतरतं.

आता निळावंतींच्या प्रश्नाकडे. सगळे ईजीटीकडे बघतात, पण सिलिंडरला त्रास देतो तो आतला दाब आणि सिलिंडर हेडचं तापमान, म्हणजे सीएचटी. त्यांचं शिखर ईजीटीच्या शिखरावर येत नाही. ते येतं ४० ते ५० अंश अलीकडे, रिच म्हणजे जास्त पेट्रोलच्या बाजूला. कारण तिथे मिश्रण वेगाने जळतं. मॅग्नेटोची (प्लगना ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राची) ठिणगी ठरलेल्या जागीच पडते, पिस्टन वर पोचण्याच्या वीस-बावीस अंश (क्रँक फिरण्याचे, तापमानाचे नव्हे) आधी, मिश्रण कसलंही असो. ज्वलन वेगवान असेल तर दाबाचा कळस पिस्टन जेमतेम वळलेला असतानाच येतो, धक्का थेट हेडवर. लीन बाजूला ज्वलन रेंगाळतं, कळस उशिरा येतो, तोवर पिस्टन खाली निघालेला असतो.

म्हणून ‘थोडंसंच लीन केलं, फार नाही’ असं म्हणणारा माणूस पुष्कळदा सर्वांत वाईट जागी उभा असतो. मला तरी या वादातलं सर्वांत महत्त्वाचं हेच वाटतं.

एडातल्या वर्गात याला लाल चौकट म्हणतात. त्यांचे आकडे असे: ७५ टक्के शक्तीवर शिखराच्या १८० अंश अलीकडपासून ४० अंश पलीकडपर्यंत थांबू नये. ७० टक्क्यांवर १२५ अलीकडे ते २५ पलीकडे. ६५ वर १०० अलीकडे ते शिखर. आणि ६० टक्के किंवा त्याखाली चौकटच नाही, लाल नॉब कुठेही ठेवा, इंजिनाला इजा होत नाही.

खमंग
थोडक्यात, फोडणी करपते ती तेल कमी पडल्याने नाही, मोहरी टाकायची वेळ चुकल्याने. हे मला पटलं!

गरुडखूण
वामनमूर्तींचं भौतिकशास्त्र बरोबर आहे, वाद त्यावर नाहीच. मी टेक्सासात आहे, तीस वर्षं पिस्टन विमानं उडवतोय, त्यातली बरीच वर्षं रात्रीची मालवाहतूक. माझा आक्षेप माणसांबद्दल आहे. लायकमिंग ही इंजिनं बनवणारी कंपनी, तिनेही लीन बाजूच्या विरोधात सविस्तर पत्रक काढलंय. प्रयोगशाळेत जमतं याबद्दल तिचीही तक्रार नाही. पण थकलेला वैमानिक, पावसाळी रात्र, उंची बदलायची सूचना, थ्रॉटल पुढे केला आणि मिक्स्चर विसरला, तर तो चौकटीच्या मध्यात. रिच बाजूला विसरभोळेपणा खपतो, लीन बाजूला नाही.

पायपर मालिबूचं उदाहरण घ्या. १९८०च्या दशकातलं सहा आसनी दाबयुक्त विमान, कॉन्टिनेंटलचं टर्बो इंजिन, आणि पुस्तकातच लिहिलेलं की क्रूझमध्ये, म्हणजे चढाई संपल्यावरच्या सरळ प्रवासात, शिखराच्या ५० अंश पलीकडे ठेवा. सिलिंडरांच्या तक्रारी सुरू झाल्या आणि १९८९ला मिराज आलं ते लायकमिंग घेऊन, रिच बाजूला चालवायला. यावर काय म्हणणं आहे?

वामनमूर्ती
गरुडखूण, मालिबूवरून दोन्ही पक्ष गेली कित्येक वर्षं भांडतायत. लीनवाल्यांचं म्हणणं असं की पुस्तकाचा ५० अंश पलीकडेचा आकडा बघून मेकॅनिक घाबरले, त्यांनी मालकांना ‘जरा रिच करा’ सांगितलं आणि मालक ५० अंश अलीकडे येऊन बसले, म्हणजे बरोबर सर्वांत तप्त जागी. हे प्रत्येक विमानाबद्दल खरं असेलच असं नाही. पण सिररसचं टर्बो एसआर२२ आज त्याच लीन बाजूला चालवायला सांगतात, तेही कारखान्याच्या पुस्तकात. फरक एवढाच की आज प्रत्येक सिलिंडरचा ईजीटी आणि सीएचटी वेगवेगळा समोर दिसतो.

थ्रॉटल वाढवून मिक्स्चर विसरण्याचा तुमचा मुद्दा मात्र मला मान्य आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

सांताक्रूझची_कन्या
हा धागा वाचून वडिलांची फार आठवण आली. ते १९५०च्या दशकात एअर इंडियाच्या सुपर कॉन्स्टेलेशनवर फ्लाइट इंजिनियर होते. ८ जून १९४८ला ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलं, तेव्हा ते शिकाऊ होते आणि विमानतळाच्या कुंपणाबाहेरून पाहत उभे होते.

राइटचं ते टर्बो-कंपाउंड इंजिन, १८ सिलिंडर, आणि एक्झॉस्टची ताकद परत क्रँककडे देणाऱ्या तीन टर्बाइन. वैमानिक पुढे बघायचे, बाबा आडवे बसून काटे बघायचे. लीन कसं करायचं ते त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं. मिक्स्चर कमी करत बीएमईपीचा काटा, म्हणजे इंजिनाच्या जोराचा काटा, आधी कमालीला न्यायचा, मग आणखी लीन करून तो साधारण दहा टक्के खाली पाडायचा. म्हणजे तुम्ही ज्याला पलीकडे म्हणताय तिथेच. सगळे लांब पल्ल्याचे प्रवास असेच. इंधन वाचलं नाही तर पुढचा टप्पाच गाठता येणार नाही, हौस म्हणून कुणी करत नव्हतं.

रात्री ते खिडकीतून एक्झॉस्टच्या ज्वाळांचा रंगही बघत. लालसर-पिवळी म्हणजे रिच, निळी म्हणजे बरोबर. निवृत्तीनंतर घरच्या शेगडीची ज्योत पिवळी दिसली की पिन घेऊन बसायचे आणि आईला सांगायचे, ‘कैरोच्या वाटेवर अशी दिसली असती तर मी उठून उभा राहिलो असतो.’ वर वामनमूर्तींनी शेगडीचं उदाहरण दिलं तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं.

रातराणी
ताई, किती सुंदर. अजून लिहा ना त्यांच्याबद्दल.

गरुडखूण
तुमच्या वडिलांना नमस्कार. पण त्या काळच्या लोकांनी सुपर कॉनीला ‘जगातलं सर्वोत्तम तीन-इंजिनी विमान’ म्हटलेलं, कारण चौथं वारंवार बंद पडायचं. मग लीन इतकं चांगलं होतं तर ते का?

सांताक्रूझची_कन्या
तो विनोद बाबाही सांगायचे, हसत हसत. एकदा नाही, तीनदा बंद इंजिनासह उतरल्याचं त्यांच्या वहीत आहे. पण त्या इंजिनाकडून उड्डाणाच्या वेळी तीन हजारांहून जास्त अश्वशक्ती घेतली जायची, आणि त्यांचं म्हणणं होतं की इंजिनाचे हाल उड्डाणात आणि चढाईत होतात, क्रूझला ते विश्रांती घेतं. शिवाय त्यांच्यासमोर एक अॅनलायझर होता, छोट्या गोल पडद्यावर एकेका प्लगची ठिणगी दिसायची. कुठला सिलिंडर कुरकुरतोय ते त्यांना हवेतच कळायचं. त्या विमानांच्या बिघाडांवरून ना तुमची बाजू सिद्ध होते ना वामनमूर्तींची, असं मला वाटतं.

इतिहासवेडा
अटलांटिक एकट्याने विमानातून ओलांडणारा लिंडबर्ग कसा आला नाही अजून? १९४४, न्यू गिनी. अमेरिकेच्या ४७५व्या फायटर ग्रुपची पी-३८ विमानं. लिंडबर्ग तिथे सैनिक म्हणून नाही, कंपनीचा सल्लागार म्हणून गेलेला. एकत्र उडून परत आल्यावर त्याच्या टाकीत इतरांपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल शिल्लक असायचं. त्याने सांगितलं, आरपीएम १६०० पर्यंत खाली आणा, मॅनिफोल्ड प्रेशर (सिलिंडरांकडे जाणाऱ्या हवेचा दाब) वाढवा, मिक्स्चर ऑटो-लीनवर. तरुण वैमानिकांना वाटलं इंजिनं जळतील. जळली नाहीत, आणि त्या विमानांचा पल्ला शेकडो मैलांनी वाढला. लीन ही ८० वर्षं जुनी, युद्धात पारखलेली गोष्ट आहे.

वामनमूर्ती
इतिहासवेडा, किस्सा माझाही आवडता आहे, पण तो या वादात पूर्ण बसत नाही. लिंडबर्गची मोठी बचत कमी आरपीएममधून आली. इंजिन हळू फिरलं की घर्षणात वाया जाणारी शक्ती कमी होते. ऑटो-लीन होतं, पण शिखराच्या नेमकं किती पलीकडे हे कुणी मोजत नव्हतं.

इतिहासवेडा
मान्य. तरी इंजिनं जळतील ही भीती मात्र तीच होती.

सॅनहोजेकर
मी सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावरून क्लबची १७२ उडवतो. हवेतल्या लीनवर तुम्ही बोला, मला जमिनीवरच्या लीनबद्दल बोलायचंय, कारण त्याबद्दल नव्या लोकांना कुणी सांगत नाही.

१०० एलएल या विमानांच्या पेट्रोलमध्ये अजूनही शिसं असतं. भारतात गाड्यांच्या पेट्रोलमधून ते २००० साली गेलं, विमानांत राहिलं. टॅक्सी करताना मिक्स्चर पूर्ण रिच ठेवलं तर इंजिन थंड असतं, शिसं जळून बाहेर पडत नाही, प्लगच्या तळाशी राखाडी मणी होऊन बसतं. मी शिकत असताना एकदा बाहेरगावच्या विमानतळावर रन-अपला (उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीला) डावा मॅग्नेटो तपासला आणि इंजिन खोकलं. विमान परत नेऊन लावावं लागलं, सोबत आई होती, पहिल्यांदाच माझ्याबरोबर उडणार होती. मेकॅनिकने प्लग काढून दाखवला तर ठिणगी पडायच्या फटीतच मणी. तेव्हापासून सुरू झाल्या झाल्या मी लाल नॉब इतका ओढतो की थ्रॉटल वाढवला तर इंजिन अडखळावं. म्हणजे उड्डाणाआधी रिच करायला विसरूच शकत नाही.

आमच्या काउंटीने २०२२च्या सुरुवातीपासून शिशाचं पेट्रोल बंद केलं, शेजारी शाळा आणि घरं आहेत म्हणून. त्याऐवजी बिनशिशाचं ९४ ऑक्टेन मिळू लागलं, क्लबच्या १७२ला ते चालतं. प्लग बघवतात आता.

तेलकट_हात
सॅनहोजेकर, तुमचा हात हातात घ्यावासा वाटतो! जमिनीवर लीन करा हे मी प्रत्येक तुकडीला सांगतो. प्लग काढून मणी कोरण्यात माझ्या किती दुपारी गेल्या असतील. अर्धा धागा मला लीनविरोधी समजत असेल, तर तसं नाही. जमिनीवर भरपूर लीन करा, इजा होण्याएवढी शक्तीच नसते तिथे.

अवांतर: आपल्याकडे या पेट्रोलची किंमत आणि टंचाई याचा सगळ्या फ्लाइंग स्कूलना घोर असतो. २०२२च्या सप्टेंबरपर्यंत ते सगळं बाहेरून यायचं, मग इंडियन ऑइलने गुजरात रिफायनरीत बनवायला सुरुवात केली. म्हणून नवी खरेदी करणारे डायमंडच्या डिझेल विमानांकडे वळतात, जेट इंधनावर चालतात आणि लाल नॉबच नाही. रोटॅक्स इंजिनाच्या हंसा या आपल्या प्रशिक्षण विमानातही नाही. पुढच्या पिढीला हा वाद समजावून सांगावा लागेल.

कोरडवाहू
मी विदर्भात शिकतोय, ६० तास झालेत. आम्हाला सांगितलंय की ३००० फुटांखाली लाल नॉबला हात लावायचा नाही. मे महिन्यात दुपारी विमान धावपट्टी सोडायलाच तयार नसतं. इथे लीनचा संबंध आहे का?

वामनमूर्ती
आहे! नागपूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण हजार फुटांवर. पण ४५ अंश सेल्सियसला तिथली हवा पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. इंजिनाला आकड्यांतली उंची कळत नाही, हवा कळते. १७२च्या पुस्तकातला ३००० फुटांचा नियम थंड देशातल्या नेहमीच्या दिवशी ठीक आहे. तुमच्या दुपारी पूर्ण रिच म्हणजे शक्ती वाया घालवणं. पण हे स्वतःच्या मनाने करू नका, प्रशिक्षकांना पुस्तकातलं पान दाखवून त्यांच्यासोबत करा.

तेलकट_हात
कोरडवाहू, शेवटचं वाक्य दोनदा वाच. प्रशिक्षक सोबत असतानाच.

निळावंती
खूप शिकतेय, सगळ्यांचे आभार. कोरडवाहू, इकडे लेडव्हिल नावाचा विमानतळ आहे, ९,९३४ फुटांवर. समुद्रकाठचे वैमानिक सवयीने उतरताना मिक्स्चर पूर्ण रिच करतात आणि इंजिन धावपट्टीवर गुदमरून बंद पडतं. आमच्याकडे पहिल्याच तासाला लाल नॉबशी ओळख होते.

मूळ प्रश्नावर मला एक शंका आहे. वामनमूर्ती म्हणतात ६० टक्क्यांखाली चौकटच नाही. आमचं इंजिन टर्बो नाही. १०,००० फुटांवर पूर्ण थ्रॉटल देऊनही साठ-बासष्टच्या वर शक्ती निघत नाही. मग आमचे दोन्ही भागीदार कशावरून भांडतायत?

वामनमूर्ती
निळावंती, हेच मी लिहायला बसलो होतो. डोंगराकडे, दहा-अकरा हजारांवर जात असाल तर इंजिनाच्या तब्येतीच्या दृष्टीने दोघंही बरोबर. पैसे आणि वेग यांचा हिशोब करा, बास. पण पूर्वेला कॅन्ससकडे ७,५०० फुटांवर जाता किंवा टेक्सासला खाली उतरता तेव्हा शक्ती ७० टक्क्यांच्या आसपास जाते आणि चौकट परत येते. तिथे कोण कुठे उभं आहे ते महत्त्वाचं.

लीन बाजूला शक्ती काढायचं सोपं गणित: तिथे सगळं पेट्रोल जळतं, म्हणून पेट्रोलच शक्ती ठरवतं. ८.५ कॉम्प्रेशनच्या तुमच्या इंजिनाला गॅलन गुणिले १४.९. साडेबारा गॅलन म्हणजे १८६ अश्वशक्ती, ६२ टक्के.

गरुडखूण
आणि थरथर? ते राहिलंच. कंप म्हणजे काहीतरी चुकतंय, एवढं मी तीस वर्षांत शिकलोय.

तेलकट_हात
गरुडखूणशी मी सहमत, पण कारण लीन नाही. सहाही सिलिंडर सारखेच लीन असतील तर इंजिन मऊ चालतं आणि पुढे मुकाट्याने शक्ती सोडतं. थरथरतं तेव्हा एखादा भाऊ बाकीच्यांपेक्षा उपाशी असतो. कार्ब्युरेटरवाल्या माझ्या विमानांत ते टाळता येत नाही, म्हणून मी पुस्तकाबाहेर जाऊ देत नाही. पण तुमचं इंजेक्शनचं इंजिन आहे, प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल सोडणारं स्वतंत्र नोझल.

ताई, बैठकीच्या आधी हे करा. प्रत्येक सिलिंडरचा ईजीटी दाखवणारा मॉनिटर आहे ना? शांत हवेत, ६० टक्क्यांच्या आसपास, मिक्स्चर अगदी हळू ओढा आणि प्रत्येक सिलिंडर शिखराला पोचला तेव्हा तासाला किती गॅलन होते ते लिहा. पहिला आणि शेवटचा यांत अर्ध्या गॅलनपेक्षा जास्त फरक नको. मग थ्रॉटल बराच मागे घेऊन पुन्हा तेच. एखादा सिलिंडर फक्त दुसऱ्या वेळी आधी पोचला तर इनटेक पाइपाच्या जोडातून हवा गळतेय. दोन्ही वेळा तोच आधी, तर नोझल तुंबलंय. नंतर नोझल काढून लाइनला लावा, खाली सहा सारख्या जॅमच्या बाटल्या धरा, बूस्ट पंप (पेट्रोलचा विजेवरचा पंप) चालू करा. कुठली बाटली मागे राहते ते दिसेल. हे काम तुमच्या मेकॅनिकसमोर, इग्निशन बंद आणि अग्निशामक हाताशी.

वामनमूर्ती
यापेक्षा चांगला सल्ला मी देऊ शकलो नसतो. एडाचा तो वर्ग ज्यांचा, त्या मंडळींच्या कंपनीची सुरुवातही याच फरकातून झाली. जॉर्ज ब्रेली आणि मंडळींनी नव्वदच्या दशकात सिलिंडरनिहाय वेगवेगळ्या मापाची नोझल बनवली, तोवर सहाही नोझल सारखीच असली पाहिजेत अशी सगळ्यांची समजूत होती.

रातराणी
निळावंती, जॅम संपवायला मदत लागली तर सांग.

निळावंती
तीन आठवड्यांनी परत आले, क्षमा असावी. सगळं सांगते.

चाचणीला ज्येष्ठ भागीदार स्वतः बरोबर आले. मी उडवत होते, ते आकडे लिहीत होते. दोन्ही वेळा पाचवा सिलिंडर सर्वांत आधी शिखराला पोचला, बाकीच्यांच्या कितीतरी आधी. पहिला आणि शेवटचा यांत १.२ गॅलनचा फरक. मग ते म्हणाले, आता माझ्या पद्धतीने लावून बघ. ते अजून कारखान्याच्या जुन्या एका काट्यावर मिक्स्चर लावतात. ७,५०० फुटांवर तो काटा शिखराच्या १०० अंश अलीकडे दाखवत होता, आणि मॉनिटरवर पाचवा सिलिंडर फक्त ४५ अंश अलीकडे. त्याचा सीएचटी ४०८. बाकीचे पाच ३७०च्या खाली. त्यांनी वहीत तो आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि उतरेपर्यंत बोलले नाहीत.

इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की पुढची हवा त्या सिलिंडरला नीट लागत नाही, म्हणून तो तापतो.

शनिवारी मेकॅनिकसोबत बाटल्या लावल्या. पाचवी दोन बोटं कमी भरली. नोझलच्या तोंडाशी काळसर कण होता, डोळ्यांना जेमतेम दिसणारा. साफ करून परत बसवलं, पुन्हा चाचणी केली, फरक ०.४. पलीकडे नेलं तर थरथर नाही, ३० अंश उतरेपर्यंत इंजिन मऊ.

बैठक दहा मिनिटांत संपली. ठरलं ते असं: दहा हजारांच्या वर ज्याला जे हवं ते. त्याखाली पलीकडे जायचं असेल तर मॉनिटर बघून, आणि अलीकडे राहायचं असेल तर १५० अंश, तेही मॉनिटर बघून. जुन्या काट्यावर कागद चिकटवलाय. थ्रॉटलला हात लावण्याआधी मिक्स्चर रिच, हे गरुडखूण तुमच्यामुळे चेकलिस्टमध्ये लिहिलं.

गरुडखूण
चेकलिस्टबद्दल आनंद झाला. मी अजूनही रिच बाजूलाच राहणार आहे, पण मॉनिटरचे जुने आकडे आज रात्री काढून बघतो.

तेलकट_हात
वा! ताई, एक विचारतो. कण काळसर होता म्हणालात. रबरी होता की कडक? रबरी असेल तर इंधनाच्या होजचं आतलं अस्तर सुटतंय, मग बाकीची पाच नोझलही फार दिवस स्वच्छ राहणार नाहीत. होज किती वर्षांचे आहेत?

निळावंती
नखाने दाबला तर चपटा झाला. होजचं लॉगबुक उद्या बघते.

तेलकट_हात
उद्या नको, पुढच्या उड्डाणाआधी.